पुन्हा शिकण्याआधी गेटवरची पाटी वाचावी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारला, तर कारखान्यांच्या गेटवर 'पाहिजेत' अशा पाट्या दिसतात. सीएनसी व व्हीएमसी ऑपरेटर, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि सर्वांत शेवटी हेल्पर, असा त्यांचा साधारण क्रम असतो. वसाहतीला लागूनच सिडकोची दाट वस्ती आहे. तेथील घराघरांत बी.ए., बी.कॉम. झालेली मुले-मुली नोकरीसाठी अर्ज करीत असतात. इकडे जागा आहेत, तिकडे पदवीधर आहेत. पण दोहोंचा मेळ बसत नाही. पदवीधराच्या वाट्याला पाटीवरचा शेवटचा शब्द येतो, आणि तोही बहुधा ठेकेदारामार्फत.

वर्ष-दोन वर्षांच्या अशा खटाटोपानंतर 'पुन्हा शिकायला बसावे' हा विचार घरात निघतो. तो निघाला की वादही निघतो. वडिलांना फीची चिंता, आईला वयाची, आणि स्वतः उमेदवाराला लोक काय म्हणतील याची. या निर्णयाकडे माघार म्हणून पाहण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वास्तविक दीर्घ बेकारी माणसाचे काय करते, हे पाहिले तर ही माघार नव्हे हे लक्षात येते.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गिरणगाव होते. १९२९-३०च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल या संशोधकांनी तेथे जाऊन जो अभ्यास केला, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला व आजही प्रमाण मानला जातो. बेकार माणसाकडे वेळच वेळ असतो, तेव्हा तो वाचन करील, शिकेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात गावच्या ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. रस्त्याने जाणारे पुरुष सावकाश चालत, वारंवार थांबत. दिवसाला बांधणारी चौकट गेली की मोकळा वेळ उपयोगी पडत नाही, तो अंगावर येतो. पुन्हा शिक्षण घेण्याचा पहिला लाभ प्रमाणपत्राचा नसून या चौकटीचा आहे: ठरावीक वेळी कोठेतरी हजर व्हावे लागते.

दुसरी गोष्ट बाहेरच्या जगाची. अमेरिकेत क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे तीन हजार जागांसाठी बारा हजार काल्पनिक अर्ज पाठविले आणि त्यात बेकारीचा काळ तेवढा कमीजास्त ठेवला. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, बेकारीच्या पहिल्या आठ महिन्यांत मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता झपाट्याने घसरते. उमेदवार तोच, पात्रता तीच. अंतर तेवढे वाढलेले. तेव्हा दोन वर्षे फक्त अर्ज करीत राहणे हे जागच्या जागी थांबणेही नव्हे, ती घसरणच आहे.

तथापि प्रत्येक शिक्षण ही घसरण थांबवीत नाही. बी.ए. झाले, नोकरी नाही, म्हणून एम.ए.; तेही झाले, म्हणून आणखी एखादी पदवी, हा मार्ग फार वापरातला आहे. क्रेग जेफ्री या अभ्यासकाने मेरठमधील सुशिक्षित तरुणांवर लिहिलेल्या २०१०च्या पुस्तकाचे नावच 'टाइमपास' आहे. नोकरीच्या प्रतीक्षेत पदव्या गोळा करणाऱ्या पिढीचे ते चित्र आहे. स्पर्धा परीक्षांचेही तसेच. राज्यसेवेसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा २०१६ साली ३८ वर्षांवर गेली. अनेकांना संधी मिळाली हे खरे, पण थांबण्याची मुदतही वाढली.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना सुरुवात गेटवरच्या पाटीपासून करावी आणि तेथून मागे यावे. पाटीवरचा फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट आयटीआयच्या दोन वर्षांतून तयार होतो, वेल्डर एका वर्षातून. सातपूरला त्र्यंबक रोडवर शासकीय आयटीआय आहे. प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे. कमाल मर्यादा नाही. २६ वर्षांच्या पदवीधराला सोळा वर्षांच्या मुलांशेजारी कानस घेऊन उभे राहणे जड जाते, आणि ही अडचण क्षुल्लक मानू नये. अनेकांचा निर्णय केवळ तिच्यापाशी अडतो. परंतु आयटीआय ही शिडीची पहिली पायरी आहे, ही गोष्ट पालकांना सहसा ठाऊक नसते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला.

शिडी चढताना घरखर्चाचे काय, हा प्रश्न उरतोच. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचा येथे उपयोग आहे. तीस किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. विद्यावेतन पगाराइतके नसते. पण यंत्रावरचा अनुभव आणि त्याचे प्रमाणपत्र मिळते. मात्र शिकाऊ उमेदवाराला पुढे कायम करण्याचे बंधन मालकावर सहसा नसते, हे आधीच समजून घेतलेले बरे. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार सहा, आठ वा दहा हजार रुपये विद्यावेतन ठेवले होते. तेही प्रशिक्षणच होते, नोकरी नव्हे. मुदत संपल्यावर अनेकांची निराशा झाली, ती हा फरक न उमजल्याने.

हाताशी लहानमोठी नोकरी असेल, तर ती सोडून शिकण्याची गरज नाही. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच, गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पण अभियांत्रिकीबाबत सावध असावे. काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्थगित वा रद्द ठरविल्या आणि कित्येकांची वर्षे पाण्यात गेली. त्याऐवजी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत चालणाऱ्या पदविका व पदवी वर्गांना परवानगी दिली आहे. त्यासाठी किमान एका वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे पाटीवरचा तो शेवटचा शब्दही अगदीच निरुपयोगी नाही.

कोणतीही खासगी संस्था 'शंभर टक्के नोकरी' म्हणत असेल, तर फी भरण्यापूर्वी मागच्या तुकडीतील चार जणांना प्रत्यक्ष गाठावे. ते कोणत्या कंपनीत, कंपनीच्या हजेरीपटावर की ठेकेदाराच्या, आणि हाती किती पडतात, एवढे विचारले तरी पुरे.

आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन पद्धतीने होतात आणि गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. तेथे पदवीचे गुणपत्रक कोणी पाहत नाही. दहा वर्षांपूर्वीचे दहावीचे गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला घरात कोठे ठेवला आहे, ते मात्र अर्ज सुरू होण्यापूर्वीच शोधून ठेवावे लागते.