दुसऱ्या पायालाही बूट कशाला?

आज दुभंगलेल्या ओठाकडे वळायचं, असं मागच्या रविवारी कबूल केलं होतं. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो आहे. मंगळवारी आलेल्या एका पत्राला उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पत्र कराडकडच्या एका खेड्यातल्या आईचं आहे. मुलगी अडीच महिन्यांची. डावं पाऊल जन्मतःच आत मुडपलेलं होतं. दहाव्या दिवसापासून दर आठवड्याला एक अशी पाच प्लास्टरं झाली, टाचेमागची शीर कापून झाली, त्यानंतरचं तीन आठवड्यांचं प्लास्टरही उतरलं. पाऊल सरळ आलं. आता डॉक्टरांनी दांडीचे बूट दिले आहेत आणि पोर रात्रभर रडते आहे. आई विचारते, ‘पाय नीट झाला, मग हे लोखंड कशासाठी? आणि उजवा पाय तर पहिल्यापासून चांगला आहे. त्याला का अडकवायचं?’ पत्राच्या शेवटी, कागदाच्या कडेला, आणखी एक ओळ आहे : ‘सासूबाई म्हणतात, ग्रहण पाळलं नाहीस म्हणून असं झालं, आणि आता लेकराला बेड्या घालतेस.’

मागचा लेखांक काढून पाहिला. प्लास्टरवर मी भरभरून लिहिलं होतं. पाऊल कसं धरायचं, कोणत्या हाडावर अंगठा टेकवायचा, कोणत्या क्रमाने काय सरळ करायचं, सगळं. बुटांच्या वाट्याला मात्र दोनच ओळी आल्या होत्या. दवाखान्यातही कित्येक वर्षं मी हेच केलं.

सुरुवातीच्या काळातला एक मुलगा मला विसरता येत नाही. त्याचे दोन्ही पाय मुडपलेले होते. सहा प्लास्टरांत पावलं इतकी सुरेख आली की मी ती सहकाऱ्यांना बोलावून दाखवली. बूट दिले, ‘घालत जा’ म्हणालो आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. तो परत आला तेव्हा दीड वर्षाचा होता. चवड्यांवर चालत होता आणि दोन्ही पावलं पुन्हा आत वळली होती. मी त्याच्या आईला रागावून विचारलं, बूट का नाही घातले? ती म्हणाली, ‘पाय तर झाला होता की नीट. तुम्हीच म्हणला होता, झकास झालाय म्हणून.’ ते मीच म्हणालो होतो. प्लास्टर संपलं म्हणजे उपचार संपला, असं माझ्या बोलण्यातून आणि चेहऱ्यावरून तिला कळलं होतं. बूट हाच निम्मा उपचार आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तर पहिला प्रश्न : पाऊल सरळ झाल्यावर बूट कशाला?

पोटातल्या बाळाचं हे पाऊल सुरुवातीला सरळच वाढत असतं. गर्भारपणाच्या दुसऱ्या तिमाहीत ते आत वळायला लागतं, म्हणून सोनोग्राफीतही सोळाव्या आठवड्याच्या आधी ते सहसा दिसत नाही. घोट्याच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे बंध जाड व आखूड होतात, पोटरीचा स्नायू आखडतो आणि पाऊल आत-खाली ओढलं जातं. बाळ जन्मलं म्हणून ही ओढ थांबत नाही. पहिल्या वर्षात ती सर्वांत जोरात असते, मग वर्षागणिक ओसरते. चार-पाच वर्षांनंतर पाऊल पुन्हा वळण्याची भीती फारच कमी उरते. प्लास्टरने ताणलेले बंध मोकळे सोडले, तर पहिल्या वर्षातली ती ओढ त्यांना पुन्हा आखडवते. ओढ ओसरेपर्यंत पाऊल धरून ठेवायला कोणी तरी हवं. ते काम बूट करतात.

म्हणून वेळापत्रक असं असतं : पहिले तीन महिने रोज २३ तास, म्हणजे अंघोळ आणि स्वच्छतेचा तासभर सोडून सतत. त्यानंतर फक्त झोपेत, रात्रीचे बारा तास आणि दिवसाच्या झोपेचे दोन-चार. हे चार वर्षांची होईपर्यंत, काही मुलांत पाचपर्यंत. पत्र लिहिणाऱ्या आईसाठी यातली दिलाशाची गोष्ट अशी की मुलगी रांगायला, उभी राहायला लागेल तेव्हा तिचा दिवस मोकळा असेल.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. चांगल्या पायालाही बूट कशाला?

बाळाला एकाच पायात बूट घालून पाहा. तो कितीही घट्ट असला, तरी पाय गुडघ्यातून आणि खुब्यातून आत वळायला मोकळा राहतो. बुटासकट आख्खा पाय आत फिरतो आणि पाऊल पूर्वीच्याच जागी येतं. मुडपलेल्या पावलाला बाहेरच्या दिशेने ६० ते ७० अंश वळवून ठेवायचं असतं. बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर? त्याला टेकायला काही तरी पक्कं हवं, आणि तो टेकू म्हणजे दुसरा पाय. दांडी दोन्ही बूट खांद्याच्या रुंदीइतक्या अंतरावर धरते. आजारी पाऊल ६० ते ७० अंशांवर आणि चांगलं पाऊल ३० ते ४० अंशांवर बसतं. चांगला पाय हलला की दांडी हलते आणि दुसऱ्या पायालाही सोबत नेते. गुडघे मोकळेच असतात. बाळ पाय झाडतं, गुडघे सरळ करतं, तेव्हा पोटरीचा स्नायू प्रत्येक वेळी थोडा ताणला जातो. उजव्या पायाला ही शिक्षा नाही, ताई. तुमच्या मुलीचा उजवा पाय डाव्याला आधार देतो आहे.

या दांडीची मूळ कल्पना डेनिस ब्राउन यांची. ऑस्ट्रेलियात जन्मलेले हे सर्जन लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात काम करत. १९३०च्या दशकात त्यांनी तान्ह्या बाळांची मुडपलेली पावलं धातूच्या पट्ट्यांवर बांधून त्या एका आडव्या दांडीला जोडल्या. बाळ लाथा झाडेल आणि त्या लाथांनीच पाऊल सरळ होईल, अशी त्यांची कल्पना होती. पाऊल सरळ करण्याचं काम दांडीला नीट जमलं नाही. मागच्या आठवड्यात भेटलेल्या, प्लास्टरची ही पद्धत घालून देणाऱ्या डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांनी अमेरिकेतल्या आयोवात तीच दांडी उचलली, पण तिला वेगळं काम दिलं. पाऊल सरळ करायचं ते हाताने आणि प्लास्टरने. दांडीने ते फक्त राखायचं. आज आपल्या दवाखान्यांत दांडीच्या बुटांना ‘डीबी स्प्लिंट’ म्हणतात, ते ब्राउन यांच्या आद्याक्षरांवरून.

पुढे आयोवातच जॉन मिचेल यांनी पोन्सेतींबरोबर काम करून मऊ कातड्याची, पट्ट्यांची सँडल बनवली आणि टाचेला फोड येण्याचा त्रास खूप घटला. मला मात्र सर्वांत आपुलकी वाटते ती युगांडातल्या बुटांची. मिशिल स्टीनबीक या डच तंत्रज्ञाने ठरवलं की बूट असे हवेत, जे साध्या चांभाराला आणि वेल्डिंग करणाऱ्याला गावातच बनवता येतील. साधं कातडं, साधी लोखंडी सळी, पुढून उघडी बोटं. आणि टाचेजवळ एक भोक. त्या भोकातून टाच दिसली, तर पाऊल बुटात पूर्ण खाली बसलं आहे. दिसली नाही, तर टाच वर चढली आहे. आईला हे तपासायला डॉक्टर लागत नाही. अशा धर्तीचे बूट आपल्या देशातही बनतात. मी ते पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिलो. बूट घालणाऱ्या माणसाचा विचार करून बनवलेली वस्तू अशी असते.

आता घरातलं. ही यादी मी आयांकडूनच शिकलो.

बूट घालायचे ते सुती मोजे घालून. आधी जास्त त्रास असलेलं पाऊल, मग दुसरं. गुडघा वाकवून धरला की टाच सहज खाली बसते. मधली पट्टी आधी आवळायची, कारण टाच तीच धरते. बोटं जिथे येतात तिथे बुटाच्या तळव्यावर पेनाने रेघ मारून ठेवा. उद्या बोटं रेघेच्या मागे गेली, तर टाच वर चढली आहे हे लगेच कळेल. त्वचा थोडी गुलाबी होणं ठीक. लालभडक डाग किंवा फोड, विशेषतः टाचेच्या मागे, म्हणजे टाच आत सरकते आहे. पट्टी सैल करू नका, टाच नीट बसवा. डागावर तेल किंवा क्रीम लावू नका, त्याने कातडी आणखी मऊ पडते. फोड आला तर दवाखान्यात दाखवा.

पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडतंच. बहुतेकदा ते दुखण्याने रडत नाही, पाय वेगवेगळे हलत नाहीत म्हणून चिडतं. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा, एकदम सरळ करा, गाणं म्हणत खेळवा. पाय जोडीने हलतात हे एकदा कळलं की बाळ शांत होतं. रडलं म्हणून बूट काढला, तर रडलं की बूट निघतो हेच ते शिकतं.

आपल्याकडच्या घरांत आणखी दोन अडचणी येतात. एक झोळीची. साडीच्या झोळीत बाळ घातलं की दांडी कापडात अडकते आणि पाय एकमेकांवर दाबले जातात. त्यापेक्षा पाळणा बरा. तो नसेल तर खाली गोधडीवर निजवा, दांडीला जुनं कापड गुंडाळा. दुसरी अडचण मालिशची. बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईला तुम्ही स्वतः सांगा : अंग चोळ, डोकं चोळ, पण पाऊल ओढायचं नाही. बाकीची मालिश त्या मोकळ्या तासात होऊ द्या. बाळ तेवढं सुख विसरत नाही.

आता एका शब्दाविषयी. आयोवाच्या डॉक्टरांनी पाहिलं की ज्या घरांत बूट नीट घातले गेले, तिथे शंभरात सुमारे सहा पावलं पुन्हा वळली. जिथे घातले गेले नाहीत, तिथे ऐंशीहून अधिक. आकडा इतका बोलका आहे की पाऊल पुन्हा वळलं की आम्ही केसपेपरवर लगेच लिहितो : ‘पालकांकडून असहकार’. हा शब्द मी हल्ली लिहीत नाही.

बीडकडचं एक जोडपं माझ्याकडे यायचं. दिवाळीनंतर ते ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. पहाटे फडात जायचं, मुलगा उसाच्या पाचटावर निजलेला. या पाच-सहा महिन्यांत बाळाची पावलं वाढतात आणि बूट लहान पडतात. नवे बूट फडावर कोण देणार? या आईने असहकार केला, असं मी कोणत्या तोंडाने लिहू? आम्ही त्यांना जाताना एक माप मोठ्या बुटांची जोडी आधीच द्यायला लागलो आणि कारखान्याच्या गावाजवळचा दवाखाना शोधून चिठ्ठी देऊ लागलो. त्या मुलाचं पाऊल टिकलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत हे मुडपलेलं पाऊल आहे. अंगणवाडीत मुलांना तपासणारं पथक बाळाला जिल्ह्याच्या उपचार केंद्राकडे पाठवू शकतं. गावातल्या आशाताईंना विचारा. लाजायचं कारण नाही, हजारात सुमारे एका बाळाला हे होतं.

पाऊल पुन्हा वळायला लागलं, तर पहिली खूण बुटातच दिसते : टाच खाली बसेनाशी होते. चालणाऱ्या मुलात टाच जमिनीला टेकत नाही किंवा पाऊल आत पडतं. लवकर आलात तर दोन-तीन प्लास्टरांत बहुतेक वेळा भागतं. उशीर झाला तर अडीच-तीन वर्षांनंतर पावलाच्या पुढची एक शीर बाहेरच्या बाजूला हलवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. तीही चांगली शस्त्रक्रिया आहे. पण बूट स्वस्त पडतात.

राहिली पत्राच्या कडेची ओळ. सासूबाईंना हा भाग वाचून दाखवा. ग्रहणात तुम्ही विळी हातात घेतली असती किंवा नसती, डोळे मिटून निजला असतात किंवा अंगणात उभ्या राहिला असतात, तरी पाऊल तसंच असतं. हे काही घराण्यांत पुढच्या पिढीत उतरतं, मुलग्यांत मुलींच्या दुप्पट दिसतं, आणि ग्रहण न मानणाऱ्या देशांतही होतं. सासूबाईंना एक काम मात्र द्या. रात्री दिवा मालवण्याआधी बॅटरी घेऊन टाच बसली आहे की नाही, ते त्यांनी पाहायचं. माझ्या अनुभवात, ज्या घरात आजी टाच बघते त्या घरातलं पाऊल टिकतं.

पुढच्या रविवारी दुभंगलेला ओठ. ताई, तोवर दोन ओळींचं पत्र टाका : टाच खाली बसते का, आणि रडणं किती रात्री चाललं.