चिपसेट ड्रायव्हर कुठून डाउनलोड करायचा? बोर्डाच्या कंपनीकडून, एएमडी-इंटेलकडून की विंडोज अपडेटमधून?

विंडोज अपडेटमध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' नावाचा एक कोपरा असतो. तिथे कधीकधी 'इंटेल - सिस्टीम' अशी एक ओळ दिसते आणि तिच्यापुढे तारीख असते १८ जुलै १९६८. त्या साली विंडोज नव्हतं, घरोघरचा कॉम्प्युटर नव्हता, आणि इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर '४००४' बाजारात यायलाही तीन वर्षं बाकी होती. साहजिकच ही ओळ बघून व्हायरस शिरला की काय, अशी शंका अनेकांना येते. मग 'चिपसेट ड्रायव्हर डाउनलोड' असं गूगलवर टाकलं जातं, आणि खरा धोका तिथेच सुरू होतो.

त्या तारखेत मात्र गडबड काही नाही. १८ जुलै १९६८ हा इंटेल कंपनीच्या स्थापनेचा दिवस आहे आणि तो मुद्दाम घातलेला आहे. एका भागाला दोन ड्रायव्हर सारखेच लागू पडत असतील, तर विंडोज नव्या तारखेच्या ड्रायव्हरला पसंती देतं. इंटेलची ही फाइल सर्वसाधारण स्वरूपाची. लॅपटॉप कंपनीने त्याच भागासाठी खास ड्रायव्हर दिला असेल, तर सर्वसाधारण फाइलने त्याच्या डोक्यावर बसू नये, म्हणून तिची तारीख इतकी मागे नेलेली. मायक्रोसॉफ्टही हेच करतं. विंडोजसोबत येणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख असते, विंडोज कितीही नवं असलं तरी.

म्हणजे तारीख जुनी तर ड्रायव्हर जुना, हा हिशेबच चुकीचा. 'तुमचे इतके ड्रायव्हर कालबाह्य झाले आहेत' अशी लाल पाटी लावून पैसे मागणारी टूल्स नेमकी याच गैरसमजावर पोट भरतात.

चिपसेट ड्रायव्हर करतो तरी काय?

प्रोसेसर सगळ्या गोष्टींशी थेट बोलत नाही. यूएसबी पोर्ट, साटा डिस्क, नेटवर्क, जादा पीसीआय स्लॉट यांतल्या बऱ्याच गोष्टींची वाहतूक मदरबोर्डावरच्या चिपसेट नावाच्या चिपमधून होते. बोर्डाच्या नावातच ती लिहिलेली असते. बी४५०, बी५५०, एक्स६७० हे एएमडीचे चिपसेट. एच६१०, बी७६०, झेड७९० हे इंटेलचे. खोक्यावर नाव असूस, एमएसआय किंवा गिगाबाइटचं असेल, पण चिपसेट त्यांनी बनवलेला नसतो. (बी४५०सारखे एएमडीचे काही चिपसेट तर तैवानच्या एएसमीडिया कंपनीने डिझाइन केलेले आहेत. तरीही त्यांचा ड्रायव्हर एएमडीच देते.)

ड्रायव्हर कुठून घ्यायचा, याचं उत्तर इथेच दडलेलं आहे. ज्या भागात बोर्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीने स्वतःचं काही केलेलं नसतं, त्याचा ड्रायव्हर मूळ चिप बनवणाऱ्याकडून घ्यावा. जिथे तिने काही बदल किंवा निवड केलेली असते, तिथे तिच्याकडे जावं.

प्रोसेसर एएमडीचा असेल तर

असेंबल केलेल्या डेस्कटॉपसाठी चिपसेट ड्रायव्हर थेट एएमडीच्या संकेतस्थळावरून घेणं उत्तम. एकच पॅकेज अनेक चिपसेटना चालतं आणि आपल्या बोर्डाला काय हवं ते स्वतःच ओळखून बसवतं. बोर्ड कंपन्यांच्या पानांवर तीच आवृत्ती यायला बरेचदा उशीर होतो, आणि बोर्ड चार-पाच वर्षं जुना असेल तर ती येतच नाही.

हा उशीर किती महागात पडू शकतो, ते ऑक्टोबर २०२१मध्ये दिसलं. विंडोज ११ आलं आणि रायझन प्रोसेसर काही कामांत मंदावले. प्रोसेसरमधला सर्वांत वेगवान कोअर निवडून त्याला काम देण्याची सोय नीट चालेनाशी झाली होती. तिचा इलाज त्याच महिन्यात आलेल्या एएमडीच्या चिपसेट ड्रायव्हरमध्ये होता. कॅशशी संबंधित दुसरा दोष मायक्रोसॉफ्टने विंडोज अपडेटमधून दुरुस्त केला. पुढे २०२३मध्ये आलेल्या रायझन ९ ७९५०एक्स३डी या प्रोसेसरमध्ये जास्तीची कॅश निम्म्याच कोअरवर असते. गेम त्याच कोअरवर चालावा, ही व्यवस्था लावण्यात चिपसेट पॅकेजमधल्या एका ड्रायव्हरचा मोठा वाटा आहे. तो नसेल तर एवढा महाग प्रोसेसर घेऊन गेम चुकीच्या कोअरवर धावू शकतो.

प्रश्न फक्त वेगाचाही नाही. सप्टेंबर २०२१मध्ये एएमडीच्या सिक्युरिटी प्रोसेसरच्या ड्रायव्हरमधली एक त्रुटी जाहीर झाली. साध्या परवानग्या असलेला प्रोग्रॅमही तिच्या आधारे मेमरीतली अशी माहिती वाचू शकत होता, जी त्याला कधीच दिसायला नको. हा ड्रायव्हर चिपसेट पॅकेजमधूनच येतो, दुरुस्ती ३.०८.१७.७३५ या आवृत्तीत आली आणि विंडोज अपडेटमधूनही दिली गेली. कॉम्प्युटर घेतल्या दिवशी बसवलेला ड्रायव्हर अजून तोच असेल, तर हे एक कारण पुरेसं आहे.

इंटेलचा असेल तर

इथे फार धावपळ करू नये. इंटेलच्या चिपसेट पॅकेजमध्ये बहुतांश आयएनएफ फाइल्स असतात. म्हणजे साध्या मजकुराच्या फाइल्स, ज्या विंडोजला फक्त 'या भागाचं नाव अमुक' एवढं सांगतात. त्या बदलून वेग वाढत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एसएम बस कंट्रोलर'वर पिवळं चिन्ह असेल तर ते पॅकेज बसवावं, नाहीतर जे आहे ते चांगलं आहे. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' पिवळा दिसत असेल, तर बहुतेक वेळा इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर बाकी असतो. तो बोर्डाच्या पानावर मिळतो. एएमडीच्या कॉम्प्युटरवर 'पीसीआय एन्क्रिप्शन/डिक्रिप्शन कंट्रोलर' असं दिसलं, तर त्याला वर सांगितलेलं चिपसेट पॅकेजच हवं असतं.

जुन्या बोर्डांच्या बाबतीत एक अडचण आहे. इंटेलने २०१९मध्ये आपल्या कितीतरी जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर आणि बायॉस संकेतस्थळावरून काढून टाकले. अशा वेळी लोक अनोळखी संग्रहांकडे वळतात. त्याआधी विंडोज अपडेट आणि मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग बघावा. जुन्या भागांचे सही असलेले बरेच ड्रायव्हर तिथे आजही सापडतात.

बोर्डाच्या पानावर कधी जायचं?

लॅपटॉप असेल तर सगळ्यात आधी तिथेच. बॅटरी, पंखा, टचपॅड, तापमान यांची जुळणी लॅपटॉप कंपनीने स्वतः केलेली असते, त्यामुळे मागच्या बाजूचा सीरियल नंबर टाकून तिच्याच पानावरून ड्रायव्हर घ्यावेत. डेस्कटॉपवर आवाज, लॅन आणि वाय-फाय यांसाठी बोर्डाचं पान बरं. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनमध्ये लॅनची चिपसुद्धा वेगळी असू शकते. बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेला 'रेव्ह' क्रमांक त्यासाठीच बघायचा. मॉडेलचं नाव ठाऊक नसेल तर स्टार्ट मेन्यूत 'सिस्टीम इन्फर्मेशन' शोधावं. 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर ते मिळतं. लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या कॉम्प्युटरचं बिल हरवलं असेल, तरी एवढ्याने काम भागतं.

बायॉस मात्र बोर्डाच्या कंपनीकडूनच, तोही नेमक्या मॉडेलचा आणि रिव्हिजनचा. ड्रायव्हर बसवताना वीज गेली तर फार तर पुन्हा बसवावा लागतो. बायॉस अपडेट चालू असताना गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. यूपीएस नसेल तर भारनियमनाच्या दिवशी तो उद्योग करू नये.

अधिकृत म्हणजे बिनधोक?

पूर्णपणे नाही. २०१८मध्ये हल्लेखोरांनी असूसच्या 'लाइव्ह अपडेट' या टूलमध्येच घातक कोड घुसवला होता. त्या फाइलवर असूसची खरी डिजिटल सही होती आणि ती असूसच्याच सर्व्हरवरून लोकांपर्यंत जात होती. कॅस्परस्कीने मार्च २०१९मध्ये हे उघड केलं. मे २०२३मध्ये एक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की गिगाबाइटच्या २७१ मॉडेलच्या बायॉसमधून विंडोजमध्ये एक अपडेटर आपोआप उतरतो आणि तो असुरक्षित पद्धतीनेही फाइल आणू शकतो. २०२५मध्ये असूसच्या 'ड्रायव्हरहब'मधली त्रुटी समोर आली. एखाद्या घातक वेबसाइटला तिचा गैरफायदा घेता आला असता. या दोन्ही त्रुटींवर कंपन्यांनी दुरुस्ती दिली.

तिन्ही प्रकरणांत घोटाळा पार्श्वभूमीत कायम जागं राहणाऱ्या अपडेट टूलमध्ये होता. वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या ड्रायव्हरसाठी असा पाहुणा घरात कायमचा ठेवण्याची गरज नाही. फाइल पानावरून स्वतः उतरवावी आणि बायॉसमध्ये आपोआप टूल बसवण्याचा पर्याय असेल तर तो बंद करावा.

शोधताना कुठे फसगत होते?

सर्वांत वरच्या निकालाच्या डोक्यावर 'प्रायोजित' लिहिलेलं असेल तर ती जाहिरात आहे. नावात बोर्डाचं मॉडेल आणि 'ड्रायव्हर्स' असे शब्द जोडलेली संकेतस्थळं हुबेहूब अधिकृत वाटतात, पण तिथलं मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण बहुधा भलतंच काहीतरी देतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन चोरणारे प्रोग्रॅम अशाच वाटांनी शिरतात, आणि मग नेटबँकिंगपासून इन्स्टाग्रामपर्यंत सगळं पणाला लागतं. टेलिग्रामवरची ड्राइव्हची लिंकही याच माळेतली.

फाइल उतरल्यावर तिच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधला 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भाग बघावा. तिथे एएमडी, इंटेल किंवा बोर्डाच्या कंपनीचं नाव नसेल तर फाइल चालवू नये. असूसच्या प्रकरणात ही तपासणीसुद्धा फसली असती, पण बनावट संकेतस्थळांवरचा बराचसा माल इथेच पकडला जातो. इन्स्टॉल करण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगणारं पान तर तिथल्या तिथे बंद करावं.

नव्या विंडोजवर लॅनचा ड्रायव्हरच नसेल आणि त्यामुळे इंटरनेटच चालत नसेल, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावं. त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नसेल, तर इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर त्याचं कारण 'व्हीएमडी' ही सोय असते. तिचा ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॅपटॉप कंपनीच्या पानावरून उतरवून, गरज असेल तर फाइल उलगडून, पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि इन्स्टॉलच्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' निवडून तिथून तो द्यावा.