लिअरचा सातबारा
(नाटक लिहिताना : लेखांक ७)

पिंपरीत संत तुकारामनगरला ज्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, त्या आचार्य अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ मोलिअरच्या कंजुषावरून आलं. मोलिअरनं तो १६६८ साली रंगमंचावर आणला, तेव्हा त्याच्याही हाताशी प्लॉटस या रोमन नाटककाराचा कंजूष होताच. त्यामुळे जुन्या नाटकातून घ्यावं की नाही, यावर शाई खर्चत नाही. घ्यायचं काय, खरी मेख तिथं आहे.

शिरवाडकरांनी दोन्ही प्रकार करून ठेवलेत. १९५४चं ‘राजमुकुट’ म्हणजे ‘मॅकबेथ’चं रूपांतर, चौकट मूळचीच. १९७०च्या ‘नटसम्राट’मध्ये मात्र ‘किंग लिअर’मधली मुख्य गाठ तेवढी उचललेली दिसते : म्हाताऱ्यानं हयातीतच सगळं मुलांना वाटून टाकणं. लिअरला राणी नाही, आप्पांना कावेरी आहे. तिकडं कॉर्डेलिया आहे. इथं तशी लेक नाही, अखेरीस माया लावतो तो बूटपॉलिशवाला राजा. माझ्या मते नाटक शिरवाडकरांचं झालं ते कावेरीमुळं. लिअरला खडे बोल सुनावणारे केंट नि विदूषक आहेत, पण ती पदरची माणसं. बायकोनं सुनावणं निराळं.

आता हीच गाठ चाकणला नेऊन पाहू. खेड तालुक्यातला बागायतदार, जमीन एमआयडीसीत गेलेली, उरलेल्या शेताच्या वाटण्या करायच्या. दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रासाठी बहिणी ओळीनं बसल्यात. वेबकॅमसमोर फोटो, यंत्राच्या काचेवर अंगठा. अंगावर भावानं आदल्या दिवशी घेतलेली साडी. थोरल्या दोघी अंगठा देतात, वर ‘आम्हाला माहेर तेवढं राहू दे’ म्हणतात. धाकटी उठून उभी राहते. कॉर्डेलियानं गोड बोलायला नकार दिला. ही अंगठा द्यायला नकार देते. पण कॉर्डेलियाला वाटा महत्त्वाचा नव्हता, हिला हवाय, आणि २००५च्या दुरुस्तीनंतर कायदाही तिच्या बाजूचा आहे. अर्धं प्रेक्षागृह तिला लोभी म्हणेल. इथं शेक्सपिअरचं बोट सुटतं, सुटायलाच हवं.

दुसरी उचलण्याजोगी गोष्ट म्हणजे लिअरच्या शंभर सरदारांची वजाबाकी. एक मुलगी पन्नासांवर आणते, दुसरी पंचवीसांवर, मग दहा, पाच, नि शेवटी एक तरी कशाला? बापाची पत आकड्यांत उतरवून दाखवणारा इतका निर्दय प्रवेश मला दुसरा ठाऊक नाही. आपल्या म्हाताऱ्याकडं सरदार नाहीत, शर्यतीचे बैल आहेत. गाड्याला चार, पुढं पळायला घोडी.

‘दादा, घोडी कशाला? भाड्यानं मिळती.’

‘चार बैलांचा खुराक कुणी बघायचा? एक जोडी ठेवा.’

‘जोडी तरी काय करायची? दारात एक असला म्हंजी झालं.’

पोरं आवाज चढवत नाहीत. हिशेबच करतात, आणि हिशेब बरोबरही असतो. प्रवेश लिहिताना एवढं सांभाळा.

वादळाच्या प्रवेशाला मात्र हात लावू नका. नवख्यांची संहिता तिथं हमखास स्वगतात बुडते. म्हाताऱ्याला शर्यतीच्या दिवशी घाटात उभा करा, दुसऱ्याच्या गाड्याला जुंपलेले आपले बैल त्याला ओळखू द्या, आणि निवेदकाला भोंग्यावरून नव्या मालकाचं नाव पुकारू द्या.