खेळाडूंच्या बाजूने बोलणारं माणूस

फेब्रुवारी २०२५. बांगलादेश प्रीमियर लीगमधल्या दरबार राजशाही संघाचा हंगाम संपला आणि बसच्या ड्रायव्हरने खेळाडूंच्या किटबॅगा बसमध्येच कुलपात ठेवल्या. भाडं थकलं होतं. पैसे द्या, बॅगा न्या, असं त्याचं म्हणणं. त्याआधी जानेवारीत मानधन मिळेना म्हणून याच संघाचे परदेशी खेळाडू एका सामन्याला उतरलेच नव्हते.

असे पैसे बुडाले की खेळाडूंच्या वतीने भांडते ती वर्ल्ड क्रिकेटर्स असोसिएशन. १९९८ मध्ये ‘फिका’ या नावाने हा महासंघ उभा राहिला. आजचं नाव २०२४ चं. त्याच्या सभासद मुख्यतः देशोदेशीच्या खेळाडू संघटना असतात. लीगमधली थकबाकी चव्हाट्यावर आणणं आणि खेळाडूंचं नाव-छायाचित्र वापरण्याच्या हक्कांवरून आयसीसीशी बोलणी करणं, ही त्याची रोजची कामं.

पण खरा जोर त्या-त्या देशातल्या संघटनेचा. ऑस्ट्रेलियात ३० जून २०१७ ला खेळाडू आणि बोर्ड यांच्यातला करार संपला. उत्पन्नातला ठरलेला वाटा स्थानिक खेळाडूंना देणं बोर्डाला बंद करायचं होतं. सुमारे २३० खेळाडू एका रात्रीत बिनकराराचे झाले. स्मिथ-वॉर्नरसारख्या बड्या खेळाडूंना स्वतःपुरतं पदरात पाडून घेता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. ऑस्ट्रेलिया ‘अ’ संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला. ऑगस्टमध्ये खेळाडू संघटना आणि बोर्ड यांच्यात तोडगा निघाला तेव्हा स्थानिक खेळाडूंचा वाटा शाबूत होता. क्रिकेटमधली इतकी मोठ्या मनाची एकजूट मला दुसरी आठवत नाही.

या महासंघाची पहिली महिला अध्यक्ष २०२२ मध्ये झाली ती लिसा स्थळेकर, पुण्यात जन्मलेली, तिथल्याच श्रीवत्स संस्थेतून दत्तक गेलेली आणि ऑस्ट्रेलियाकडून विश्वचषक जिंकलेली. तिच्या जन्मभूमीची, भारताची संघटना मात्र महासंघात नाही.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८९ मध्ये बोर्डाला न जुमानता अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळले म्हणून कर्णधार वेंगसरकरांसह सहा जणांवर बंदी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ती उठली. २००२ मध्ये माजी कर्णधार पतौडींच्या अध्यक्षतेखाली संघटना निघाली, पण बोर्डाने तिला मान्यता दिली नाही. बोर्डाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीमुळे २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आली, तिचे दोन प्रतिनिधी बोर्डाच्या सर्वोच्च परिषदेवर बसले, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी. हे मोठंच काम झालं. पण ती निवृत्तांची, आज खेळणाऱ्यांची नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यातून हे लिहिताना विराट कोहलीची काळजी वाटत नाही. अमरावतीचा जितेश शर्मा आयपीएलपर्यंत पोचला, अकोल्याचा अथर्व तायडेही. विदर्भाने तीनदा रणजी जिंकली, त्यामुळे आमच्याकडची पोरं आता किटबॅग खांद्यावर टाकून सकाळच्या एसटीने अमरावती गाठतात. यातला एखादा विदर्भाकडून पाच-सहा सामने खेळेल. २०२१ च्या दरांप्रमाणे कारकिर्दीतल्या पहिल्या वीस सामन्यांपर्यंत अंतिम अकरात असलेल्याला दिवसाचे ४० हजार. रक्कम चांगली आहे. पण गुडघा गेला, संघातून नाव गळलं, तर फी थांबली. हा दर ठरवताना त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या वतीने बोलायलाही कोणी नसतं.

इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निदान देशांतर्गत स्पर्धा खेळणाऱ्या मुला-मुलींना खुली व्हावी, आणि दर ठरतात त्या बैठकीत त्यांनी निवडलेलं एक माणूस असावं.