मार साबाच्या मठांतील तीन पानें

जुन्या पोथीचा शोध लावणाऱ्यास कीर्ति मिळते. अमेरिकन पंडित मॉर्टन स्मिथ यांच्या वांट्यास तिच्याबरोबर संशयहि आला. १९५८ च्या उन्हाळ्यांत यरुशलेमजवळील मार साबा मठांत हस्तलिखितांची यादी करीत असतां, १६४६ सालीं छापलेल्या एका ग्रंथाच्या अखेरच्या कोऱ्या पानांवर त्यांस एक ग्रीक पत्र आढळलें. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या दुसऱ्या शतकांतील आचार्याच्या नांवें असलेल्या त्या पत्रांत मार्काच्या शुभवर्तमानाच्या एका गुप्त पाठाचा उल्लेख आहे. अक्षराचें वळण मात्र अठराव्या शतकाचें. म्हणजे फार तर नकलेची नक्कल! स्मिथ यांनीं १९७३ सालीं त्यावर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पत्र त्यांनींच रचलें असावें अशी कुजबूज लौकरच सुरू झाली. भाषा हुबेहूब क्लेमेंटची. समर्थकांस हा पुरावा वाटतो, विरोधकांस हेंच कसबी अनुकरणाचें लक्षण. स्मिथ यांनीं आरोप साफ नाकारला. १९९१ सालीं ते वारले. तत्पूर्वींच, १९७६ सालीं, ग्रंथ यरुशलेमच्या ग्रीक धर्मपीठाच्या ग्रंथालयांत नेण्यांत आला होता. तेथें तीं पानें ग्रंथापासून वेगळीं केलीं गेलीं आणि पुढें बेपत्ता झालीं. शाईची परीक्षा राहिली ती राहिलीच. उरलीं आहेत केवळ छायाचित्रें; एका विद्वानाच्या प्रामाणिकपणाचा वाद त्यांच्यावरूनच चालला आहे.