खुणेचा निरोप

आज बलिप्रतिपदा. अभ्यंगस्नाने आटोपली असतील, पाटाभोवती रांगोळी रेखिली गेली असेल आणि निरांजनाच्या उजेडात गृहिणीने आपल्या यजमानांस ओवाळून तबकातली ओवाळणी उचलली असेल. पतिपत्नींच्या परस्पर अनुरागाचा इतका उघड सोहळा आपल्या सणांत दुसरा क्वचितच आढळेल. मात्र अलीकडे कित्येक घरांतला पाट रिकामा असतो. कोणी पुण्यास नोकरीला, कोणी दुबईस, कोणी सीमेवर. आणि औक्षण होते ते भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर. वर्षातले उरलेले दिवस तर दोघांमध्ये केवळ चार-दोन ओळींचे संदेश ये-जा करतात. त्या ओळींविषयी आज दोन शब्द लिहावेत, असे आमच्या मनात आले. धर्मपुरवणीत हा विषय कशासाठी, असे कोणास वाटेल. त्यांनी श्रीमद्भागवताचा दशम स्कंध काढून समोर ठेवावा.

रुक्मिणीने श्रीकृष्णांस जो संदेश धाडला तो अवघ्या सात श्लोकांचा आहे. त्यात प्रेम आहे, लाज आहे, निर्धार आहे आणि शिवाय पक्का पत्ताही आहे. विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या यात्रेसाठी आपण नगराबाहेर गिरिजेच्या देवळात येऊ, तेथून आपणांस घेऊन जावे, इतके नेमके तिने कळविले. देव निरोप ऐकताच रथात बसले आणि आनर्त देशातून एका रात्रीत विदर्भात पोहोचले. नाथमहाराजांनी याच कथेवर अठरा प्रसंगांचे 'रुक्मिणीस्वयंवर' रचले आणि लग्न जुळावे म्हणून उपवर मुली आजही त्याची पारायणे करतात. लग्न जुळले की पोथी फडताळात जाते, आणि बहुधा पत्रलेखनही तिच्यासोबत जाते!

वास्तविक विवाहानंतरचा अध्याय अधिक मोलाचा. दशमातच पुढे, साठाव्या अध्यायात, देव पलंगावर बसले आहेत आणि रुक्मिणीमाता स्वहस्ते वारा घालीत आहेत. देवांस थट्टेची लहर येते. एवढे राजे तुझी इच्छा करीत असता तू आम्हां निर्धनांस कशाला वरलेस, अजूनही एखादा योग्य क्षत्रिय पाहा, असे ते म्हणतात. मातेच्या हातून चवरी गळते, कंकणे सैल होतात आणि ती वाऱ्याने मोडलेल्या केळीसारखी भूमीवर कोसळते. देव तत्काळ खाली उतरून तिला उचलतात, केस सावरतात, डोळे पुसतात आणि समजावतात की ही केवळ थट्टा होती. प्रियेशी अशा विनोदात वेळ जावा, हाच तर गृहस्थाचा परम लाभ. साक्षात भगवंतांनी संसारसुखाची ही व्याख्या केली आहे, याकडे आमच्या विरक्त मित्रांचे लक्ष सहसा जात नाही.

पण त्या प्रसंगी देव समोर होते, म्हणून ती थट्टा निभावली. संदेशातली थट्टा वाचून पलीकडे कोणाच्या हातून चवरी गळली, हे लिहिणाऱ्यास दिसत नाही. म्हणून मर्मावर बोट ठेवणारा विनोद आणि भांडण, दोन्ही पडद्यावरून करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या पंढरीत रखुमाईचे देऊळ वेगळे का, तर माता रुसून दिंडीरवनात आली म्हणून, असे परंपरा सांगते. तो रुसवा काढण्यास देवांनी निरोप धाडला नाही, स्वतः आले.

मग संदेशात लिहावे तरी काय? गेल्या चातुर्मासात कीर्तन आटोपल्यावर एक बाई बुक्का लावून घेण्यास थांबल्या. यजमान दोन वर्षांपासून परगावी कारखान्यात, महिन्याकाठी एकदा येणार. त्यांनी भ्रमणध्वनी पुढे केला. रोज पहाटे पाठविलेले एकेक चित्र: कधी गुलाब, कधी समई, खाली सुविचार. बाई म्हणाल्या, "बुवा, हे तर ते साऱ्या गावाला पाठवतात. यात माझं काय?" बाईंच्या या प्रश्नाने आम्हांस तारखात्याची आठवण झाली. आपल्या देशातली तारसेवा २०१३ साली बंद झाली. तीत सणासुदीच्या ठराविक शुभेच्छांना क्रमांक असत. क्रमांक लिहून दिला की पलीकडे तयार वाक्य उमटे. ते स्वस्त पडे आणि दूरच्या नातलगांस पुरतही असे. पत्नीस मात्र कोणी क्रमांक पाठवू नये.

आपल्या कवींना हे वर्म ठाऊक होते. सुंदरकांडात मारुतिराय रामनामांकित मुद्रिका घेऊन अशोकवनात जातात. परतताना सीतामाई चूडामणी देतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. चित्रकूटावर कावळ्याने त्रास दिला तेव्हाची हकीकत त्या सांगतात. कपाळीचा तिलक पुसला गेला असता श्रीरामांनी मनशिळेचा टिळा गालावर रेखिला होता, तीही आठवण सांगतात. या गोष्टी त्या दोघांवाचून तिसऱ्यास ठाऊक नव्हत्या. मेघदूतातला यक्षही तेच करतो. रामगिरीपासून अलकेपर्यंतची वाट सविस्तर सांगून झाल्यावर अखेरीस पत्नीचा निरोप येतो, आणि त्यात एका रात्रीची खूण असते: ती झोपेतून रडत जागी झाली, आणि पुन्हा पुन्हा विचारल्यावर हसून म्हणाली की स्वप्नात तुम्हांला परस्त्रीसोबत पाहिले. संस्कृतात अशा खुणेस अभिज्ञान म्हणतात. निरोप आपल्याच माणसाचा, याची ती साक्ष.

खुणेला फार शब्द लागत नाहीत. भ्रमणध्वनीवरचा पहिला लिखित संदेश १९९२ साली इंग्लंडात धाडला गेला. त्या साध्या संदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची ७०. अर्धी मात्रा वाचली तरी आनंद मानणाऱ्या वैयाकरणांच्या वंशजांस ही मर्यादा जाचू नये. त्या बाईंना आम्ही एवढेच सुचविले की, यजमानांची वाट न पाहता आपणच एक खूण लिहावी. सीतामाईंचा चूडामणी गेला नसता तर श्रीरामांच्या मुद्रिकेस उत्तरच मिळाले नसते. पुढे नवरात्रात बाई पुन्हा भेटल्या. त्यांनी काय लिहिले ते आम्ही विचारले नाही. उत्तर मात्र त्यांनी आपण होऊन दाखविले: "आज मेसच्या मेथीला लसूण नव्हता." एवढेच. गुलाब नाही, सुविचार नाही. ते दाखविताना बाईंनी पदर तोंडाशी नेला होता.

यक्षाचा शाप सरतो तो शेषशय्येवरून श्रीविष्णू उठतात त्या दिवशी, म्हणजे प्रबोधिनी एकादशीस. ती अवघ्या दहा दिवसांवर आहे. ज्यांना रजा मिळते त्यांनी कार्तिकीस घरी यावे; ज्यांना मिळत नाही त्यांनी आज रात्री निरांजन शांत होण्यापूर्वी दोन ओळी लिहाव्यात, आणि त्या दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडणार नाहीत अशा लिहाव्यात.