टनामागे एक रुपया, टनामागे चारशे

संशोधन आणि विकासावर भारत आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च करतो. हा आकडा 2020-21 चा असून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने तो 2023 मध्ये प्रसिद्ध केला. रुपयांत पाहिले तर खर्च वाढलेला दिसतो: 2010-11 मध्ये 60,196 कोटी आणि दहा वर्षांनी 1,27,380 कोटी. अर्थव्यवस्था मात्र त्याहून वेगाने वाढली, त्यामुळे टक्केवारी खाली आली. त्या सुमारास चीन याच कामावर 2.4 टक्के, अमेरिका साडेतीन टक्क्यांच्या आसपास, तर इस्रायल पाच टक्क्यांहून अधिक खर्च करत होता.

यापेक्षा बोलका आहे तो खर्च करणाऱ्यांचा हिशेब. भारतात 43.7 टक्के वाटा केंद्र सरकारचा, 6.7 टक्के राज्यांचा आणि 8.8 टक्के उच्च शिक्षणसंस्थांचा आहे. सार्वजनिक उपक्रम 4.4 टक्के खर्च करतात आणि खासगी उद्योग 36.4 टक्के. चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि अमेरिकेत एकट्या उद्योगांचा वाटा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भरतो. हुआवे या एका चिनी कंपनीने 2023 मध्ये उत्पन्नाचे 23.4 टक्के संशोधनात घातले. भारतात खासगी संशोधनाचा सर्वांत मोठा भाग औषध कंपन्यांकडे आहे. मोटार उद्योगाचे आकडे मोठे दिसतात, पण टाटा मोटर्सच्या एकत्रित ताळेबंदातला संशोधनखर्च वर्षानुवर्षे मुख्यतः ब्रिटनमधील जॅग्वार लँड रोव्हरचा राहिला आहे.

उद्योगांना या खर्चाकडे वळवण्यासाठी सरकारने दीर्घकाळ करसवलतीचा मार्ग धरला. प्राप्तिकर कायद्याच्या कलम 35 (2एबी) नुसार कंपनीने स्वतःच्या प्रयोगशाळेत 100 रुपये खर्च केले, तर करपात्र उत्पन्नातून 200 रुपये वजा होत. एप्रिल 2017 पासून ही वजावट 150 वर आली आणि एप्रिल 2020 पासून 100 वर, म्हणजे इतर कोणत्याही खर्चाइतकी. त्याच सुमारास, 2019 मध्ये, बहुतेक सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना 22 टक्के दराने कर भरण्याची मुभा मिळाली. संशोधन करणारी आणि न करणारी कंपनी करापुरती एका पातळीवर आली. सवलतीचा गैरवापर होत होता, हे या बदलाच्या बाजूने सांगितले गेले. गैरवापर रोखण्यासाठी तपासणी कडक करता आली असती. सवलतच काढून टाकण्याचा निर्णय चुकीचा होता.

नागपूर परिसर या राष्ट्रीय चित्राचा जवळचा नमुना ठरतो. नागपूरजवळच्या कामठीपासून तासाभराच्या अंतरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी, 1958), केंद्रीय कापूस संशोधन संस्था (1976), लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आणि वाडीचे जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. या सगळ्या सरकारी पैशावर उभ्या राहिलेल्या संस्था आहेत. त्यांच्या तोडीची खासगी प्रयोगशाळा शोधायला गेले, तर यादी फार लवकर संपते.

याच शहरात उद्योगाने स्वतःच्या पैशाने प्रयोग केल्याचा देशातला एक ठळक आरंभही झाला होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू झाली. 1880 च्या दशकात त्यांनी रिंग स्पिंडल, म्हणजे नव्या पद्धतीची चाती, येथे चालवून पाहिली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा जुन्या म्यूल यंत्रांवर समाधानी होत्या आणि तिथले यंत्रनिर्मातेही नव्या चातीबद्दल साशंक होते. टाटांनी मोजकीच यंत्रे मागवली, त्यांवर चाचण्या घेतल्या आणि नफा दिसल्यावर गिरणीत त्यांचा वापर वाढवला. 1898 मध्ये त्यांनी संशोधन विद्यापीठासाठी आपल्या संपत्तीचा मोठा भाग देऊ केला. त्यातून 1909 मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली.

आजच्या नागपुरात संशोधनासाठी सर्वाधिक नाव घेतले जाते ते सोलर इंडस्ट्रीज या स्फोटके बनवणाऱ्या कंपनीचे. या कंपनीत संशोधनाच्या दोन वेगळ्या वाटा दिसतात. मल्टी मोड हातबॉम्बचे संशोधन डीआरडीओच्या चंदीगड येथील प्रयोगशाळेत झाले. लष्कराने ऑक्टोबर 2020 मध्ये 10 लाख नगांचा करार केला आणि ऑगस्ट 2021 मध्ये पहिली खेप नागपुरात सुपूर्द झाली. हा संशोधनखर्च सरकारी रकान्यात मोडतो, उत्पादन खासगी. नागास्त्र-1 या घिरट्या घालून लक्ष्यावर आदळणाऱ्या ड्रोनचा विकास मात्र कंपनीने बंगळूरच्या एका छोट्या कंपनीसोबत केला. लष्कराची मागणी 480 नगांची होती. दोन्ही वाटांवर पुढे ठरलेला ग्राहक उभा होता आणि खासगी पैसा पुढे येण्यामागे त्याचा वाटा मोठा आहे. याच समूहाच्या बाजारगाव येथील कारखान्यात 17 डिसेंबर 2023 रोजी स्फोट होऊन नऊ कामगार मृत्युमुखी पडले. स्फोटकांच्या उद्योगात संशोधनाचा पहिला रुपया कामगारांचे हात धोक्यापासून दूर ठेवणाऱ्या प्रक्रियेवर जायला हवा, आणि संशोधनखर्च मोजताना तो वेगळा दाखवायला हवा.

कामठीचा स्वतःचा दाखला कोळशाच्या खाणींत सापडतो. भूशास्त्रात वालुकाश्माच्या एका थरसमूहाला कामठीचेच नाव आहे. कोळशाचे थर त्याच्या खाली असल्याने उघड्या खाणीत आधी वरचा खडक आणि माती काढावी लागते. खाणीच्या भाषेत याला ओबी म्हणतात आणि त्याचे डोंगर खाणीशेजारी साचत जातात. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने भानेगाव खाणीत या ओबीतून रेती वेगळी करण्याचा प्रयोग केला. तो साधल्यावर गोंडेगाव खाणीत दिवसाला 2,500 घनमीटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. बाजारभावाच्या तुलनेत ही रेती फारच स्वस्त पडते. नागपूर सुधार प्रन्यासच्या घरकुलांना ती मिळाली, आणि भूमिगत खाणींची पोकळी भरायलाही रेती लागतेच. कन्हान नदीचे पात्र रेतीघाटांनी किती खरवडले गेले आहे, हे कामठीकरांना सांगण्याची गरज नाही. दगड फोडणे, धुणे, चाळणे अशा कामात चकाकणारे काही नसते आणि असा खर्च बहुधा यंत्रसामग्रीच्या खात्यात जातो. उपयोगाच्या दृष्टीने तो अस्सल संशोधनखर्च आहे.

एकेका लहान कारखान्याला प्रयोगशाळा परवडत नाही. त्यावर जुना आणि सिद्ध झालेला उपाय म्हणजे वर्गणीचे संशोधन. अहमदाबादच्या गिरण्यांनी 1947 मध्ये अटिरा उभारली, मुंबईच्या गिरण्यांनी 1954 मध्ये बिट्रा. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी 1975 मध्ये मांजरी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन केली. आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. गाळप झालेल्या उसाच्या टनामागे 1 रुपया कारखाने तिला देतात. चांगल्या हंगामात राज्यात 10 कोटी टनांहून अधिक ऊस गाळला जातो, म्हणजे वर्षाला 10 कोटी रुपयांवर. उसाचे वाण, बेणे, मातीपरीक्षण, आसवनीचे तंत्र, कारखान्यातील कामगारांचे प्रशिक्षण हे सारे त्यातून चालते. या निधीच्या विनियोगाची चौकशी करण्याचे राज्य सरकारने 2025 मध्ये ठरवले. हिशेब मागितला जाणे योग्यच आहे. पण पैसे देणारा कारखाना संस्थेचा सभासद असतो आणि आपल्या शेतातला प्रश्न तिच्यासमोर ठेवू शकतो, हे या रचनेचे बळ आहे.

कोळशावरही अशी पट्टी बसवली गेली होती. 2010 मध्ये टनामागे 50 रुपयांचा उपकर लागला आणि 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर गेला. स्वच्छ ऊर्जेचे संशोधन आणि प्रकल्प हा त्याचा जाहीर हेतू होता. 2010-11 ते 2017-18 या काळात 86,440 कोटी रुपये गोळा झाले. त्यांपैकी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीकडे 29,645 कोटी वळले आणि तेही पुरते खर्च झाले नाहीत. जीएसटी आल्यावर ही वसुली राज्यांच्या नुकसानभरपाईकडे गेली. सप्टेंबर 2025 मध्ये उपकरच बंद झाला. साखरेचा रुपया ज्याचा प्रश्न त्याच्याच संस्थेत राहिला, कोळशाचे चारशे तिजोरीत मिसळून गेले. कामठी तालुक्यातल्या कोराडी वीज केंद्राची राख, तिच्या विटा, राखेच्या तलावातून होणारी गळती या प्रश्नांवर त्यांतला थोडा भाग इथेच खर्च झाला असता, तर नीरीसारखी संस्था हाकेच्या अंतरावर होती. वेस्टर्न कोलफिल्ड्स वर्षाला सहा-सात कोटी टन कोळसा काढते. टनामागे एक रुपया धरला, तरी स्थानिक संशोधनासाठी सहा-सात कोटी रुपये उभे राहतात.

3 नोव्हेंबर 2025 रोजी सुरू झालेली एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास आणि नवोपक्रम योजना याच पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. तिच्यासाठी 2025-26 च्या अर्थसंकल्पात 20,000 कोटींची तरतूद होती. पैसा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानातील विशेष निधीत येतो, तिथून दुसऱ्या पातळीवरील निधी व्यवस्थापकांकडे आणि मग कंपन्यांकडे. दीर्घ मुदतीची, कमी किंवा शून्य व्याजाची कर्जे आणि काही ठिकाणी भांडवली गुंतवणूक असे तिचे स्वरूप आहे. तंत्रज्ञानाच्या तयारीच्या नऊ पायऱ्यांपैकी चौथीपासून पुढचे प्रकल्पच पात्र ठरतात, म्हणजे कल्पना प्रयोगशाळेत सिद्ध झालेली असली पाहिजे. नागास्त्रासारखे उत्पादन या चौकटीत सहज बसते. नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीतला पन्नास कामगारांचा कारखाना पहिल्या तीन पायऱ्यांवरच अडतो, आणि अपयशी ठरू शकणाऱ्या प्रयोगासाठी कर्ज घेण्याची त्याची ताकद नसते.

त्या पायऱ्यांसाठी अनुदान देणे हे प्रतिष्ठानाचे काम आहे. 2023 ते 2028 या पाच वर्षांसाठी त्याचा आराखडा 50,000 कोटींचा असून त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून, प्रामुख्याने उद्योगांकडून आणि देणगीदारांकडून, यावेत अशी अपेक्षा आहे. ऊस आणि कापडाच्या उद्योगांकडे अशी वर्गणी गोळा करून वापरणाऱ्या संस्था पूर्वीपासून आहेत. कोळसा, राख, मँगनीज आणि हातमाग या नागपूर-कामठीच्या उद्योगांसाठी त्या अजून उभारायच्या आहेत.